रझाकारात, बहात्तरला, कालवा आल्यावर: आठवणी आयुष्याचे कालखंड कसे पाडतात?

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला वय विचारलं, तर आकडाच मिळेल असं नाही. ‘रझाकाराच्या गडबडीत मी पाळण्यात होतो’, ‘बहात्तरला माझी थोरली नुकती शाळेत जायला लागली होती’, ‘कालवा आला त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले’ अशा धाटणीची उत्तरं येतात. विचारणारा तलाठी, गुरुजी किंवा जनगणनेचा प्रगणक असेल, तर तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि रकान्यात एक आकडा लिहून पुढच्या घरी जातो.

शिक्षण नाही म्हणून साल सांगता येत नाही, असा याचा अर्थ सहसा लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. शिकलेली माणसंही आपलं आयुष्य सालांनी आठवत नाहीत. ‘हॉस्टेलला असताना’, ‘नोकरी लागायच्या आधी’, ‘जुन्या घरात राहत होतो तेव्हा’ असंच ती बोलतात आणि मग गरज पडली तर साल काढतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे पडताळून पाहायला गुणपत्रिका, नेमणुकीचं पत्र, घराचा करारनामा असतो. आजीकडे दुष्काळ असतो.

माणसं आपल्या आयुष्याचे असे तुकडे कसे पाडतात, कोणती घटना दोन तुकड्यांमधली सीमा होते आणि कोणती होत नाही, याचा मानसशास्त्रात गेली चाळीस-पन्नास वर्षं अभ्यास होतो आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात तो प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. वयाच्या एका चुकीच्या आकड्यावर निराधाराचं अनुदान, नोकरीतली निवृत्ती, कधी कधी वारसाहक्काचा वादही अडकलेला असतो.

सालाचा आकडा डोक्यात नसतोच

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्टिन कॉनवे आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स यांनी २००० साली स्वतःच्या आयुष्याच्या स्मृतीची एक मांडणी केली. तिच्यात तीन थर आहेत. सगळ्यात वर आयुष्याचे मोठे कालखंड: शाळेची वर्षं, अमुक गावातली नोकरी, मुलं लहान असतानाचे दिवस. त्याखाली पुन्हा पुन्हा घडलेल्या किंवा काही दिवस चाललेल्या घटना: दर उन्हाळ्यात मामाच्या गावाला जाणं, धाकट्या बहिणीचं लग्न. आणि तळाशी एकेक क्षणाचे तपशील: मांडवात पाऊस आला तेव्हा भिजलेल्या सतरंजीचा वास. माणूस काहीतरी आठवू लागतो तेव्हा तो बहुधा वरून खाली येतो. आधी कालखंड सापडतो, मग त्यातली घटना आणि मग क्षण.

या कपाटाच्या कप्प्यांवर सालाच्या चिठ्ठ्या लावलेल्या नसतात. विल्यम फ्रीडमन यांच्या अभ्यासातून एक मजेशीर गोष्ट पुढे आली. एखाद्या प्रसंगाची दिवसातली वेळ किंवा ऋतू माणसाला बरोबर सांगता येतो, पण वर्ष सांगताना तोच माणूस चुकतो. वेळ, महिना आणि वर्ष या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि एकीवरचं अचूक ज्ञान दुसरीवर आपोआप चढत नाही. शेतीवर जगणाऱ्या माणसाच्या बोलण्यात हे रोज ऐकू येतं. ‘मृगाचं पाणी पडून गेलं होतं, सरकी लावायची घाई होती, तेव्हा निरोप आला’ हे तो ठामपणे सांगेल. म्हणजे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. पण साल कोणतं? तिथे तो थांबतो आणि हिशेब सुरू होतो: बैल कोणता होता, घर माडीचं झालं होतं की नाही, बाप होता की गेला होता.

त्यामुळे तारीख आठवणं हे प्रत्यक्षात तारीख जुळवणं असतं. त्यासाठी खुंट्या लागतात. काही खुंट्या घरच्या असतात (जन्म, लग्न, मृत्यू), काही सगळ्या गावाच्या.

मोठी घटना म्हणजे सीमा नव्हे

गावाची खुंटी कोणती घटना होईल? जी सर्वांत मोठी, ती होईल असं वाटणं साहजिक आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने वेगळं उत्तर दिलं. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या लोकांना साध्या शब्दांवरून स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले आणि मग ते प्रसंग कधी घडले हे मोठ्याने विचार करत ठरवायला लावलं. बोस्नियातले लोक वारंवार युद्धाचा आधार घेत: ‘युद्धाच्या आधी’, ‘युद्ध संपल्यावर लगेच’. तुर्कस्तानातल्या इझमितचे लोक १९९९ च्या भूकंपाचा आधार घेत. न्यूयॉर्कमधले लोक मात्र ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचा आधार क्वचितच घेत होते. ती घटना त्यांनी विसरली होती असं नव्हे. जगाने पाहिलेली ती घटना बहुतेक न्यूयॉर्ककरांच्या रोजच्या जगण्याला फार काळ उलटंपालटं करू शकली नव्हती. ते त्याच घरात, त्याच नोकरीत, त्याच माणसांत राहिले.

ब्राउन यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस कुठे झोपतो, काय खातो, कोणासोबत राहतो आणि पोटासाठी काय करतो, यातलं बरंच काही एकदम बदललं, तर आठवणींत सीमा पडते. नाही तर नाही.

मराठवाड्यात याची पडताळणी शेजारच्या दोन जिल्ह्यांतच होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली, मागे राहिलेल्यांची घरं नव्या जागी, नव्या रचनेत उभी राहिली. तिथे ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी दोनच युगं आहेत. परभणीत त्या पहाटे जाग आलेली माणसं तो प्रसंग आजही सांगतात. कोण कुठे झोपलं होतं, भांडी कशी वाजली, सगळं सांगतात. पण ‘भूकंपानंतर माझं लग्न झालं’ असं सहसा कोणी म्हणत नाही. सकाळ झाली, माणसं शेतात गेली. आठवण राहिली, सीमा पडली नाही.

सरकारी कागदावरच्या मोठ्या तारखांचंही तेच. १५ ऑगस्ट १९४७ ला परभणी स्वतंत्र भारतात नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. शाळेच्या इतिहासात या तारखा ठळक आहेत, पण खेड्यातल्या चुलीपर्यंत त्या पोचल्या नाहीत, म्हणून वयाच्या हिशेबात त्या येत नाहीत.

एका घटनेची दोन नावं

येते ती सप्टेंबर १९४८ ची घटना. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. अधिकृत भाषेत ही ‘पोलिस कारवाई’. लोकांच्या तोंडी ‘पोलिस ॲक्शन’ किंवा नुसतं ‘ॲक्शन’. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष म्हणजे ‘रझाकार’. बोलताना हा शब्द माणसांचा उरत नाही, काळाचा होतो: ‘रझाकारात’ म्हणजे त्या दिवसांत.

तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत त्यातच होते आणि उत्तरेची हद्द वऱ्हाडाला लागून होती. हद्दीपलीकडे संस्थान संपत असे, म्हणून रझाकारांच्या धाकाने अनेक कुटुंबं रातोरात वऱ्हाडात गेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची सशस्त्र केंद्रं उमरखेड, वाशीम अशा ठिकाणी होती, तीही याच कारणाने. घर सोडणं, नातेवाइकांच्या पडवीत महिनोन्‌महिने काढणं, पेरणी बुडणं, शाळा सुटणं: ब्राउन यांच्या कसोटीवरची प्रत्येक गोष्ट इथे बदलली होती. म्हणून ही सीमा पंचाहत्तर वर्षांनंतरही टिकून आहे. त्या वेळी तान्हं असलेल्या माणसाला स्वतःचं काही आठवत नसलं, तरी ‘मला टोपलीत घालून नेलं होतं’ हे त्याला ठाऊक असतं. ती आईची आठवण असते, हिशेबाला मात्र मुलाच्या कामी येते.

त्याच सीमेची दुसरी बाजू आहे. अनेक मुस्लिम कुटुंबांसाठी धास्तीचा काळ ‘ॲक्शन’नंतर सुरू झाला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात पोलिस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज होता. तो अहवाल अनेक दशकं जाहीर झाला नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत त्यामुळे एकाच महिन्याची नोंद वेगवेगळी आहे. एका घरात माणसं ‘ॲक्शन झाल्यावर परत आलो’ म्हणतात, दुसऱ्या घरात ‘ॲक्शनमध्ये घर सुटलं’ म्हणतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं तेव्हा पहिली नोंद जाहीरपणे बोलली जाते. दुसरी बहुतेक घरातच राहते.

अशा काळाचा स्मृतीवर होणारा परिणाम बांगलादेशात मोजला गेला आहे. एरवी चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आठवणी विचारल्या, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणापेक्षा जास्त येतात. आलेखावर तिथे उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तो दाखवून दिला आणि पुढे अनेक देशांत तो सापडला. कारणं अनेक सांगतात, पण पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी (पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल) त्याच वयात दाटलेल्या असतात हे उघड आहे. कॉनवे आणि शमसुल हक यांनी १९९९ मध्ये ज्येष्ठ बांगलादेशी माणसांच्या आठवणी तपासल्या तेव्हा नेहमीचा उंचवटा होताच. त्याशिवाय पुढच्या वयात दुसराही एक होता आणि तो स्वातंत्र्याच्या संघर्षाच्या वर्षांशी जुळत होता. म्हणजे तारुण्य उलटून गेलेल्या माणसाच्या आयुष्यातही समाजावरचं संकट नवा दाट कालखंड तयार करू शकतं.

बहात्तर

मराठवाड्यातली सर्वांत पक्की खुंटी मात्र दुष्काळाची आहे. ‘बहात्तरचा दुष्काळ’ एका सालाच्या नावाने ओळखला जात असला तरी तो एका सालाचा नव्हता. १९७० पासून पाऊस दगा देत होता, १९७२ चा खरीप आणि पाठोपाठ रब्बी हातचं गेलं आणि १९७३ चा पावसाळा सुरू होईपर्यंत हाल चालले. आठवणीत ही तीन वर्षं एका आकड्यात बसली. सालाने नाव दिलेला हा बहुधा एकमेव लोककालखंड, आणि तोही सालाबरहुकूम नाही!

त्याने काय काय बदललं ते पाहिलं की तो का टिकला हे कळतं. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या घरांत परदेशातून आलेला तांबडा मिलो आला. त्याची भाकरी नीट थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे, हे प्रत्येक घर सांगतं. लहान मुलांना सुकडी मिळे. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली नव्हती, असे शेतकरी खडी फोडायला बसले. पाटलाची सून आणि तिच्या शेतात खुरपायला येणारी बाई एकाच कामावर पाट्या टाकू लागल्या. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते अशी कामं निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्याच अनुभवातून उभा राहिलेला रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अनेक गावांचा पहिला पक्का रस्ता बहात्तरचाच आहे, म्हणून त्या रस्त्यावरून चालतानाही तो काळ आठवत राहतो.

त्यानंतरही दुष्काळ पडले. २०१२-१३ चा, मग २०१५-१६ चा, ज्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. बहात्तरला विहिरींत पाणी होतं, पण घरात दाणा नव्हता आणि अलीकडच्या दुष्काळांत दाणा आहे, पण पाणी नाही, अशी तुलना जुनी माणसं करतात. पाण्याच्या टंचाईने हाल झाले, पिकं आणि फळबागा गेल्या, काही घरं कायमची शहराकडे निघाली. त्या घरांपुरती सीमा पडलीही असेल. पण रेशनचं धान्य येत राहिलं, शाळा चालू राहिल्या, टँकर आले. सगळ्या गावाचं जगणं एकाच वेळी उलटलं नाही. ‘सोळाला’ असं कोणी म्हणताना ऐकू येत नाही.

परभणी शहरात १९७२ ची आणखी एक आठवण आहे. १८ मे १९७२ ला तिथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, जे आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. विद्यापीठात नोकरी लागलेल्या घरांमध्ये तेच वर्ष ‘विद्यापीठ आलं तेव्हा’ असं सांगितलं जातं. वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्याच उन्हाळ्यापासून, खडी फुटायला लागली होती.

हळू येणाऱ्या सीमा

सगळ्या सीमा एका रात्रीत पडत नाहीत. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झालं. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालन्याकडून परभणी जिल्ह्यात येतो. पाथरी, मानवत, परभणी पट्ट्यात तो टप्प्याटप्प्याने पोचला. एका गावात पाणी आलं, शेजारच्या गावात चाऱ्याच खोदल्या जात होत्या. म्हणून ‘कालवा आल्यावर’ ही खुंटी प्रत्येक गावाची निराळी. बाहेरच्या माणसाने सगळीकडे १९७६ धरलं तर हिशेब चुकणारच. त्या आधी ‘हायब्रीड आलं तेव्हा’ (साठीच्या दशकाची अखेर), नंतर ‘बीटी आल्यावर’ (कापसाच्या बीटी बियाण्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली) या खुंट्याही अशाच पसरट आहेत. त्यांच्या मदतीने दशक सापडतं, साल सापडत नाही.

काही सीमा एका समाजाच्या असतात आणि शेजाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. बौद्ध घरांमध्ये १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा ही सीमा आहे. तिच्या अलीकडचे देव, सण, लग्नाचे विधी, अगदी मुलांची नावंही पलीकडे बदलतात. त्यानंतरची सीमा नामांतराची. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. वर्तमानपत्रांच्या लेखी ही सोळा वर्षांची चळवळ आहे. ज्यांची घरं जळाली त्यांच्या बोलण्यात ‘नामांतराच्या वेळी’ म्हणजे अठ्ठ्याहत्तरचा पावसाळाच. त्याच गावातल्या सवर्ण घरात तो पावसाळा एखाद्या लग्नाचा किंवा चांगल्या कापसाचा असू शकतो.

आणि काही माणसांची वर्षंच दोन तुकड्यांत मोडलेली असतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या आठवणींचे कप्पे कारखान्यांच्या नावांचे असतात. धाकटा कोणत्या कारखान्यावर असताना झाला हे आईला नेमकं माहीत असतं, कारण बाळंतपण कोपीतच झालेलं असतं.

बाईच्या आयुष्याचं पंचांग

जिल्ह्याच्या इतिहासाने पाडलेले हे कालखंड बहुधा पुरुषांच्या तोंडून ऐकलेले असतात. बायकांच्या सांगण्यात सगळ्यात खोल रेघ दुसरीच असते: माहेर आणि सासर. ब्राउन यांची कसोटी इथे लावली तर लग्नाइतकी पूर्ण उलथापालथ दुसरी कोणतीच नाही. एका दिवसात गाव, घर, माणसं, काम, आडनाव आणि पूर्वी अनेक घरांत स्वतःचं नावही बदलत असे. रॉबर्ट श्राऊफ आणि डेव्हिड रुबिन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक ज्येष्ठांच्या आठवणी तपासल्या. ज्यांनी उशिरा देश सोडला, त्यांच्या आठवणींचा उंचवटाही स्थलांतराच्या वयाकडे सरकलेला दिसला. लग्न होऊन सेलूहून पालमला जाणं हे देश सोडणं नव्हे. तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला ते त्याहून फार कमी वाटलं असेल असं नाही.

सासरच्या काळाचे पोटभाग पुन्हा बाळंतपणांनी पडतात. ‘मधला पोटात होता’, ‘धाकटी अंगावर पीत होती’ ही मोजणी नऊ महिन्यांच्या आत अचूक असते, जी शाळेच्या दाखल्याबद्दल म्हणता येणार नाही. वय काढायला आलेला माणूस घरातल्या पुरुषाशी बोलून जातो तेव्हा ही सगळी नोंदवही न उघडताच राहते.

कागद आणि आठवण

जुने कागद तरी बरोबर असतील असं वाटतं. निजामकाळातल्या कागदांवर फसली साल असतं आणि महिने आजुर, दै, बहमन असे. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवलं की इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. कागद उर्दूत किंवा मोडीत असतो, त्यामुळे तो वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. जिल्ह्यांच्या फेरबदलाचाही फटका बसतो. परतूर १९८१ मध्ये जालना जिल्ह्यात गेलं आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, पण जुन्या नोंदींत ही गावं परभणीच्या नावाखाली आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांची गंमत वेगळी. महाराष्ट्रातल्या हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या बाजूच्या कानाला पोचला की ते शाळेत घालण्याजोगं झालं, असा हिशेब असे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी त्या तारखेला वय पूर्ण बसवायचे आणि १ जून लिहायचे. त्याचा परिणाम म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते. आधारच्या नोंदणीत ज्यांनी अंदाजे वय सांगितलं त्यांना १ जानेवारी मिळाली.

जनगणनेच्या प्रगणकांना तर सूचनाच असते की ज्याला वय सांगता येत नाही त्याला भागातल्या ठळक घटना विचारून आठवण करून द्यावी. तरीही घाईत पन्नास, पंचावन्न, साठ असे गोल आकडे लिहिले जातात. वयांच्या तक्त्यात ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांचे सुळके दिसतात, ते त्यामुळेच.

आठवणीतही ठराविक चुका होतात. जुनी घटना असते त्यापेक्षा अलीकडची वाटते ही त्यातली नेहमीची. एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर यांनी १९८३ मध्ये त्यावरचा साधा उपाय दाखवला. ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं विचारण्याऐवजी त्यांनी ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यापासून’ असं विचारलं आणि चुका कमी झाल्या. सीमा ठळक असली की तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं माणसाला वेगळं करता येतं.

हाच उपाय वय काढायला चालतो, फक्त एका खुंटीवर थांबायचं नाही. समजा, मानवत तालुक्यातल्या एका आजींच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९५५ आहे. त्या सांगतात की ॲक्शनच्या वेळी त्या आईच्या कडेवर होत्या आणि पाठचा भाऊ अजून झाला नव्हता. म्हणजे जन्म साधारण १९४६-४७ चा. ही ऐकीव गोष्ट आहे, म्हणून दुसरी खुंटी हवी. बहात्तरला त्या खडीवर होत्या, धाकटा झोळीत होता आणि थोरलीचं नाव नुकतंच शाळेत घातलं होतं. म्हणजे थोरली १९६५-६६ ची. आधारवरचं साल खरं मानलं तर थोरलीच्या जन्माच्या वेळी आजी दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आणि ते शक्य नाही. आठवणीतलं साल मानलं तर त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. श्रावणबाळ योजनेला वयाची अट ६५ आहे. आठवणीच्या हिशेबाने आजींनी ती २०११-१२ मध्ये पूर्ण केली, कागदाच्या हिशेबाने २०२० मध्ये.

मधली आठ-नऊ वर्षं आता परत मिळत नाहीत. पण असा तक्ता एका दुपारी घरीच करता येतो आणि तो करायला आजीच लागतात. थोरलीचा शाळेचा दाखला निघाला तर तिसरी, कागदाची खुंटीही हाती येते. मग तो घेऊन सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे वयाच्या दाखल्यासाठी जायचं. जाताना सोबत आधार कार्ड न्यावं लागतंच.